हाताशी आणि चालू

सकाळचे आठ वाजत आले की नालवाडीतल्या या छोट्या रुग्णालयात दोन पाळ्यांच्या सिस्टर समोरासमोर येतात. रात्रपाळीची सिस्टर एकेका रुग्णाची माहिती देते, दिवसपाळीची लिहून घेते. ते संपलं की दोघी कोपऱ्यातल्या लाल ट्रॉलीपाशी जातात. ट्रॉलीच्या कडीला प्लॅस्टिकचं सील असतं. सीलवरचा क्रमांक रजिस्टरमधल्या क्रमांकाशी जुळला, म्हणजे रात्री कुणी ट्रॉली उघडलेली नाही. तरीही आज ती उघडायची, कारण आज सोमवार. वरच्या कप्प्यात ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, ॲमिओडॅरोन. एकेका ॲम्प्यूलवरची मुदत वाचली जाते. हाताने श्वास द्यायच्या अंबू बॅगचं तोंड तळव्याने बंद करून ती दाबून पाहिली जाते. हवा कुठून सुटत तर नाही ना? सक्शन मशीन चालू करून नळीच्या टोकावर अंगठा ठेवला जातो. काटा चढायला हवा. मग लॅरिंगोस्कोप. त्याचं पातं हँडलवर बसवून उघडलं की टोकाचा दिवा लागतो. तो लागला, पण मिचमिचला. सिस्टरने हँडलमधले सेल काढले. एका सेलच्या टोकावर पांढरी पूड चढली होती. तिने नवे सेल घातले, पातं पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सेल बदलले.' खाली सही केली.

"दिवा लागत तर होता," मी म्हटलं.

"ताई, नळी टाकायची वेळ येते तेव्हा पेशंटचा श्वास थांबलेला असतो. तेव्हा मी सेल कुठे शोधू?"

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'तयारी' हा विषय सुचवला तेव्हा माझ्या मनात रुग्णालयं आली. अपघात, आग, स्फोट, पूर यांपैकी काहीही झालं तरी आपण जखमींना घेऊन एकाच दिशेने धावतो. त्या दाराच्या आत तयारी कशी असते, ती रोजच्या रोज कोण टिकवतं आणि ती कुठे सुटते, हे पाहायला मी वर्ध्याला गेले.

नागपूर रोडवरचं गाव

वर्धा शहर कुठे संपतं आणि नालवाडी कुठे सुरू होते, हे आता बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही. नागपूर रोडवर दुकानं, शिकवणी वर्ग, मंगल कार्यालयं आणि दवाखाने सलग लागतात. नव्वद वर्षांपूर्वी हे शहराबाहेरचं लहान खेडं होतं. १९३२ च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले. १९३४ साली ग्रामसेवा मंडळ उभं राहिलं. १९३६ मध्ये जवळच दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेचं काम सुरू केलं. १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले, पण सेवेची ती परंपरा या परिसरात राहिली. सेवाग्रामला १९४५ साली मूठभर खाटांवर कस्तुरबा रुग्णालय सुरू झालं आणि १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. १९९० साली सावंगी (मेघे) इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आलं. त्याच्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचंच नाव आहे. शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे.

जिल्ह्याच्या एका मध्यम गावाभोवती दोन वैद्यकीय महाविद्यालयं असणं ही मोठी गोष्ट आहे. विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांना ते भाग्य नाही. म्हणूनच इथले लोक निर्धास्तपणे सांगतात, "सेवाग्राम हाये, सावंगी हाये, आपल्याले काय भेव?" या विश्वासाला आधार आहे. पण मोठं रुग्णालय काही किलोमीटरवर असलं तरी रस्त्यावर पडलेल्या माणसाला रिक्षावाला किंवा दुचाकीस्वार आधी जवळच्या दारात नेतो. रक्तस्राव थांबवणं, श्वासाची वाट मोकळी करणं, ऑक्सिजन लावणं या पहिल्या गोष्टी तिथेच व्हाव्या लागतात. नालवाडीतल्या छोट्या रुग्णालयाची लाल ट्रॉली म्हणून महत्त्वाची. सावंगीचा अतिदक्षता विभाग कितीही सुसज्ज असला, तरी तिथवर रुग्ण जिवंत पोचावा लागतो.

आणि या जिल्ह्याभोवती धोके कमी नाहीत. बुटीबोरीहून वर्धा, देवळी, यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, हिंगणघाटवरून नागपूर-हैदराबाद मार्ग जातो, आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही आहे. पश्चिमेला पुलगावचं लष्करी दारूगोळा भांडार आहे. पोलादाचे कारखाने आहेत, जिनिंग आहेत. पावसाळ्यात पूर आणि सर्पदंश, फवारणीच्या दिवसांत विषबाधा, मे महिन्यात उष्माघात.

पुलगाव, भूगाव, सेलसुरा

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारात आग लागली आणि सुरुंगांचा साठा उडाला. आसपासच्या गावांतले लोक अंधारात घरं सोडून निघाले. लष्कराने त्यावेळी दोन अधिकाऱ्यांसह १६ जणांच्या मृत्यूची माहिती दिली. पुढे हा आकडा वाढला. मेलेल्यांत आग विझवायला आत शिरलेले अग्निशमन कर्मचारी मोठ्या संख्येने होते. जखमींना सावंगीला नेण्यात आलं. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव (आबाजी) परिसरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. ३ फेब्रुवारी २०२१ रोजी भूगावच्या पोलाद कारखान्यात आगीच्या लोटाने ३८ कामगार जखमी झाले. जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळून सावंगीचेच सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर पेटली आणि २५ प्रवासी दगावले. त्यात वर्ध्याचे अनेक होते.

अशा वेळी रुग्णालयावर नेमका कसला भार पडतो, हे भाजलेल्या रुग्णाच्या हिशेबातून समजतं. साठ किलो वजनाच्या माणसाचं ४० टक्के शरीर भाजलं असेल, तर प्रचलित सूत्राप्रमाणे दर किलोला आणि दर टक्क्याला चार मिलिलिटर द्रव लागतो. म्हणजे पहिल्या २४ तासांत ९,६०० मिलिलिटर, आणि त्यातला निम्मा पहिल्या आठ तासांत. असे दहा रुग्ण एकदम आले तर पहिल्या दिवसासाठी ९६ लिटर सलाइन हवं. अर्ध्या लिटरच्या १९२ बाटल्या. त्या लटकवायला स्टँड, टोचायला सुया, निर्जंतुक पट्ट्या, वेदनाशामक इंजेक्शनं, आणि लघवीचं प्रमाण तासातासाला मोजणारं माणूस. रोजच्या वापराचा साठा अशा रात्री पहाटेपर्यंतही पुरत नाही. म्हणून आपत्तीचा साठा वेगळा ठेवावा लागतो आणि तो पडून जुना होऊ नये म्हणून फिरवत राहावा लागतो. मुदत जवळ आलेल्या बाटल्या वॉर्डात द्यायच्या, नव्या कपाटात ठेवायच्या.

दुसरा भार माणसांचा. अपघातस्थळाहून सगळ्यात आधी पोचतात ते चालू शकणारे जखमी. किरकोळ जखमा असलेल्यांनी खाटा भरतात आणि मग रुग्णवाहिकेतून खरे गंभीर रुग्ण येतात. म्हणून दारातच वर्गवारी करावी लागते. लाल पट्टी म्हणजे आत्ता, लगेच. पिवळी म्हणजे थोडं थांबता येईल. हिरवी म्हणजे चालता येणारा. काळी म्हणजे मृत, किंवा वाचण्याची शक्यता उरलेली नाही असा. ही वर्गवारी करणारा डॉक्टर त्या वेळी कुणावरही उपचार करत नाही. एकावर मिनिटभरापेक्षा जास्त वेळ न घालवता तो पुढच्याकडे जातो. रोज एकेका रुग्णासाठी जीव ओतणाऱ्या माणसाला हे अतिशय कठीण जातं. सरावाशिवाय ते जमत नाही.

तिसरा भार नातेवाइकांचा. समृद्धीच्या बस अपघातानंतर मृतांची ओळख पटवणं हेच मोठं काम होऊन बसलं होतं. कोण आत आहे, कोणाला पुढे पाठवलं, कोण गेलं, हे एका फळ्यावर, एका माणसाने, एका खिडकीत सांगायचं असतं. ती खिडकी नसेल तर शंभर माणसं तातडीच्या विभागात शिरतात आणि स्ट्रेचरला वाट उरत नाही.

या तिन्ही भारांबरोबर हळूहळू येणाऱ्या आपत्तीही मोजायला हव्यात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. सेंद्रिय फॉस्फरस असलेल्या कीटकनाशकाची बाधा झाली तर ॲट्रोपिन द्यावं लागतं. एका ॲम्प्यूलमध्ये ते ०.६ मिलिग्रॅम असतं, आणि गंभीर रुग्णाला एका दिवसात शेकडो ॲम्प्यूल लागू शकतात. सर्पदंशात प्रतिविषाचा पहिला डोसच साधारण दहा वायलचा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात काय असायला हवं, हे कापसाच्या आणि पावसाच्या वेळापत्रकावरून ठरतं. इथले जाणते औषधनिर्माण अधिकारी जून लागण्याआधीच इंडेंट पाठवतात.

पडून राहिलेलं यंत्र

आपत्कालीन यंत्रांची एक मोठी अडचण आहे. ती बहुतेक काळ वापरात नसतात. रोज चालणारा पंखा बिघडला तर लगेच कळतं. डिफिब्रिलेटर बिघडलेला असेल तर ते कळतं एखाद्याचं हृदय थांबल्यावर. अशा रुग्णाला विजेचा झटका मिळायला जसजसा उशीर होतो तसतशी त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. यंत्राची बॅटरी उतरलेली असली आणि दुसऱ्या वॉर्डातून यंत्र आणायला पाच मिनिटं लागली, तर हिशेब सोपा आहे.

जिल्ह्यातल्या रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका बायोमेडिकल इंजिनिअरशी मी बोलले. त्याच्या पिशवीत मल्टिमीटर, छोटे स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज, रबरी वॉशर आणि एक रंगाचा ब्रश होता. ब्रश कशाला? "फिल्टर झाडायला," तो म्हणाला. "आपला कापसाचा जिल्हा. हवेत धूळ आणि तंतू. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर आठवड्यात भरतो. तो झाडला नाही की यंत्र गरम होतं, आवाज करतं, आणि लोक म्हणतात यंत्र गेलं."

त्याने सांगितलेली कारणं साधी होती. रबर कडक होतं. अंबू बॅगच्या झडपा, सक्शनच्या नळ्या, रक्तदाबाच्या कफचे फुगे. सेल गळतात. सेन्सरची मुदत संपते. व्हेंटिलेटरमधला ऑक्सिजन सेन्सर वापरला नाही तरीही झिजतो. कोविडनंतर ठिकठिकाणी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्रकल्प बसले. ते महिनोन्महिने बंद राहिले तर आतल्या झिओलाइटमध्ये ओलावा शिरतो आणि शुद्धता घसरते. म्हणून गरज नसली तरी ते ठरावीक वेळाने चालवावे लागतात.

आणि बॅटऱ्या. यूपीएसमधल्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य कंपनी २५ अंश तापमान धरून सांगते. साधारण दर दहा अंश वाढीला ते निम्मं होतं. वर्ध्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या पुढे जातो. जिन्याखालच्या बंद खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेली बॅटरी कागदावर पाच वर्षांची असली तरी इथे दोन-अडीच वर्षांत थकते. तिचा दिवा हिरवा दिसतो, व्होल्टेजही बरं दिसतं, भार टाकला की दोन मिनिटांत बसते. म्हणून बॅटरी पाहायची तर भार टाकूनच पाहायची. जनरेटरचंही तसंच. नुसता चालू करून बंद करणं ही चाचणी नव्हे. आठवड्यातून एकदा त्याच्यावर खरा भार देऊन अर्धा तास चालवायचा, डिझेल मोजायचं, आणि त्याची स्टार्टर बॅटरी तपासायची. जनरेटर सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ती छोटी बॅटरीच असते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ च्या सुमारास देशभरातल्या सरकारी आरोग्य केंद्रांतल्या वैद्यकीय उपकरणांची मोजणी केली. २९ हजारांहून अधिक केंद्रांतल्या साडेसात लाखांवर उपकरणांची नोंद झाली. राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं नादुरुस्त आढळली. त्यानंतर देखभालीचा कार्यक्रम आखला गेला. जिल्हा रुग्णालयातली ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयातली ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के यंत्रं कायम चालू असावीत, असं उद्दिष्ट ठरलं. यातल्या शेवटच्या आकड्यापाशी मी थांबले. सगळ्यात दूरच्या, सगळ्यात एकट्या केंद्राला सगळ्यात कमी अपेक्षा. तिथवर तंत्रज्ञ पोचायला वेळ लागतो हे खरं. पण तिथे दुसरं यंत्रही नसतं.

ऑक्सिजनचा हिशेब

रुग्णालयाच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या अंगाचे, पांढऱ्या मानेचे सिलिंडर साखळीने बांधून उभे असतात. मोठ्याला सगळे 'जम्बो' म्हणतात. त्यात सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो, लहान बी टाइपमध्ये दीड हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लावलेला एक रुग्ण जम्बोवर साडेअकरा तास जातो, लहान सिलिंडरवर अडीच तास. नाकावाटे जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन देणारं यंत्र मिनिटाला साठ लिटर ओढू लागलं तर जम्बो दोन तासही टिकत नाही. इथून नागपूरला व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हलवायचा तर रस्त्यात वाहतूक अडणं, टायर पंक्चर होणं, नागपुरात खाट मिळेपर्यंत दारात थांबणं, हे सगळं धरून किमान दुप्पट साठा गाडीत हवा.

शेड सांभाळणाऱ्या मामांना गुणाकार पाठ आहे. दाबाच्या घड्याळात १५० म्हणजे भरलेला, ७५ म्हणजे अर्धा. मी विचारलं, हलवून किंवा वाजवून कळत नाही का? "नाही जी. काटा पाहाच लागते. अन् रिकामा झाला का लगेच पाटी लावा लागते. नाही तं रात्रीचा माणूस रिकामाच ओढून नेते." भरलेले डावीकडे, रिकामे उजवीकडे, वापरातले मध्ये. प्रत्येक सिलिंडरजवळ चावी दोरीने बांधलेली, कारण चावी शोधण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या श्वासातून वजा होतो.

मोठ्या रुग्णालयांत द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असते. उणे १८३ अंशांवरचा हा द्रव. त्याच्या एका लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू होतो. सोय मोठी, पण सगळा वॉर्ड एका नळावर. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. ऑक्सिजन तिथे होता. टाकीतून तो आवारात पसरत होता, खाटेपर्यंत जात नव्हता. म्हणून टाकीबरोबर भरलेल्या सिलिंडरांची राखीव रांग, दाब कमी होताच वाजणारी घंटा, आणि घंटा वाजल्यावर पहिल्या दोन मिनिटांत कोणी काय करायचं याची वाटणी, या तिन्ही गोष्टी लागतात. घंटा वाजली आणि ती कसली हे रात्रपाळीला माहीत नसेल तर घंटा व्यर्थ.

पहाटे दोन वाजता

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षात आग लागली. दोन कक्षांत मिळून १७ बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. भंडारा नागपूर विभागातलाच, वर्ध्यासारखाच जिल्हा. त्या वर्षी राज्यात हे पुन्हा पुन्हा घडलं. ९ एप्रिलला नागपूरजवळ वाडीत चार, २३ एप्रिलला विरारमध्ये सुरुवातीला १३, आणि ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११ रुग्ण.

अतिदक्षता विभाग का पेटतात? हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. गळक्या मास्कमधून, उघड्या राहिलेल्या फ्लोमीटरमधून तो बंद खोलीत थोडासा वाढला तरी ठिणगीचा भडका होतो. तिथे यंत्रांची गर्दी, एका सॉकेटवर दोन-दोन एक्स्टेंशन, चोवीस तास चालणारा एसी, गाद्या, पडदे, स्पिरिट. आणि आगीआधी धूर मारतो. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग तळघरात लागली होती, तरी वरच्या मजल्यांवरचे नव्वदच्या आसपास लोक धुराने गेले.

अशा वेळी रुग्णांना थेट जिन्याने खाली नेणं जमत नाही. आधी त्यांना त्याच मजल्यावर, आग अडवणाऱ्या दारापलीकडच्या भागात सरकवायचं असतं. एका व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हलवायला किमान तीन माणसं लागतात: एक अंबू बॅग दाबायला, एक खाट ढकलायला, एक सलाइन आणि सिलिंडर सांभाळायला. आठ खाटांच्या अतिदक्षता विभागात पहाटे दोन वाजता दोन सिस्टर आणि एक मावशी असतील, तर हे गणित सुटत नाही. म्हणून शेजारच्या वॉर्डातून, सुरक्षारक्षकांतून, औषध दुकानातून कोण धावत येणार हे आधी ठरलेलं हवं. त्या विभागाचा ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह बंद करायचा निर्णय कोणाचा, हेही. व्हॉल्व्ह बंद केला नाही तर आग वाढते, घाईने बंद केला तर श्वास थांबतो. हा निर्णय भिंतीवरच्या फलकावर पदाच्या नावासकट लिहिलेला असावा.

कायदा काही प्रमाणात स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचं असतं. याला 'फॉर्म बी' म्हणतात. पण जानेवारीत चालू असलेला पंप मार्चमध्ये बंद पडू शकतो. मधल्या दिवसांची राखण रुग्णालयालाच करायची असते.

रंगीत तालीम

जिल्ह्यातल्याच एका रुग्णालयातली रंगीत तालीम मला पाहता आली. बस उलटून पंचवीस जखमी येत आहेत, असा प्रसंग ठरला होता. विद्यार्थी जखमी झाले, कपाळावर लाल रंग लावून पोर्चमध्ये आले. पहिल्या दहा मिनिटांत त्रुटी समोर आल्या. फोनच्या यादीतले दोन नंबर बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांचे होते. आपत्तीच्या कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि तो जेवायला गेलेला. एका स्ट्रेचरचं चाक अडकत होतं. रंगीत पट्ट्या होत्या, पण त्यावर लिहायला मार्कर नव्हता. रक्तपेढीला कळवायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटलं.

यांपैकी एकही गोष्ट महाग नव्हती. संध्याकाळपर्यंत यादी दुरुस्त झाली, किल्लीची दुसरी प्रत काचेच्या पेटीत गेली, चाकाला तेल मिळालं. तालीम संपल्यावर सगळ्यांना गोल बसवून वरिष्ठ डॉक्टरांनी विचारलं, "कुठे अडलं?" 'कोण चुकलं' हा प्रश्न त्यांनी येऊ दिला नाही. त्यामुळे सफाई कामगार असलेल्या मावशीही बोलल्या. मागच्या दारासमोर रोज दुचाक्या उभ्या राहतात, हे त्यांनी सांगितलं. ते दार सुटकेच्या मार्गावरचं होतं. तालीम दिवसा झाली, आता रात्रीची करायची असं ठरलं.

तयारी रुग्णालयाच्या दाराबाहेरही लागते. १०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या: २३३ अद्ययावत, ७०४ प्राथमिक सोयींच्या. या गाडीच्या चालकाला पायलट म्हणतात. वर्ध्यात भेटलेल्या एका पायलटने पाळी सुरू होताना मला गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं. स्ट्रेचरची कुलूपं, ऑक्सिजनचा काटा, सक्शनची बाटली, चार्जिंगचा दिवा. "गाडी चालू ठेवणं सोपं हाये जी. आतलं सामान चालू ठेवाले रोज पाहा लागते." त्याच्या वहीतही सह्यांची रांग होती.

देखभालीला दाता

सगळीकडे फिरताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. यंत्र विकत घ्यायला पैसा मिळतो. आमदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, एखाद्या कुटुंबाने आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेली देणगी. यंत्रावर नावाची पट्टी लागते, फोटो निघतो. दोन वर्षांनी हमीची मुदत संपते. वार्षिक देखभालीचा करार करायला यंत्राच्या किमतीचे काही टक्के दरवर्षी लागतात, आणि त्यासाठी दाता मिळत नाही. मग छोटा सुटा भाग न मिळाल्याने यंत्र कोपऱ्यात जातं, त्यावर चादर पडते, आणि निर्लेखन व्हायला आणखी काही वर्षं जातात. तोवर यादीत ते 'उपलब्ध' असतं. खोटी यादी रिकाम्या यादीपेक्षा घातक, कारण तिच्यावर विसंबून कुणीतरी रुग्ण स्वीकारतं.

नालवाडीच्या त्या छोट्या रुग्णालयात कोट्यवधींचं काही नाही. पण तिथे प्रत्येक यंत्राला एक कार्ड आहे: कधी घेतलं, शेवटची तपासणी कधी, पुढची कधी, बिघडलं तर कोणाला फोन. आणि प्रत्येक पाळीत तपासणाऱ्याचं नाव. हे करायला वेगळी इमारत लागत नाही. रोजची काही मिनिटं लागतात, आणि ती मिनिटं कामाचाच भाग आहेत असं मानणारे व्यवस्थापक लागतात. एका सिस्टरकडे तीस रुग्ण दिले तर ट्रॉली तपासण्याची सही न तपासताच होईल, आणि त्याचा दोष त्या सिस्टरला देता येणार नाही. पुरेशी माणसं हीच आपत्तीच्या तयारीची पहिली अट आहे.

विनोबांच्या नालवाडीत, सेवाग्रामच्या छायेत हे लिहिताना मला ठामपणे वाटतं की काळजी ही नियमाने करायची गोष्ट आहे. म्हणून वाचकांना काही विनंत्या करते. आपल्या गावातल्या रुग्णालयाला देणगी द्यायची असेल तर नव्या यंत्राआधी विचारा, जुन्यांपैकी कशाची बॅटरी, कशाचा सेन्सर, कशाचा देखभाल करार अडला आहे. आणि तो खर्च पाच वर्षांसाठी उचला. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, रुग्ण कल्याण समितीत असाल तर 'फॉर्म बी', जनरेटरची भार-चाचणी आणि मागच्या रंगीत तालमीचा अहवाल बैठकीत मागा. रुग्णालयाच्या सुटकेच्या दारासमोर गाडी लावू नका. अपघाताच्या बातमीने तातडीच्या विभागात गर्दी करू नका. रक्त द्यायचं असेल तर रक्तपेढीत जा. छाती दाबून हृदय चालू ठेवायचं प्रशिक्षण घ्या, कारण डिफिब्रिलेटर येईपर्यंत तुमचे हातच उपयोगी पडणार आहेत.

आणि पुढच्या वेळी नातेवाइकाला भेटायला रुग्णालयात जाल तेव्हा तिथल्या सिस्टरला आदराने एवढं विचारा, "ही ट्रॉली आज तपासली का?" हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. उत्तर 'हो' असेल तर तिचे आभार माना. 'नाही' असेल तर तिला वेळ आणि माणसं कमी का पडतात, हे व्यवस्थापनाला लेखी विचारा.